'सॅन डिमेट्रिओ लंडन' : एका तेलवाहू जहाजाचा हिशेब

युद्धपटांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. त्यांतील बहुतेकांचा शेवट ठरलेला असतो. ध्वज फडकतो, वाद्यांचा गजर होतो, एखादी माता डोळे पुसते आणि प्रेक्षक भारावलेल्या मनाने घरी जातो. मेलेल्या माणसाचा पगार किती होता आणि त्याच्या पश्चात घरी कोणाला काय मिळाले, हा प्रश्न पडद्यावर कोणी विचारीत नाही; विचारला तर तो अप्रशस्त वाटतो. म्हणूनच इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओने ऐन युद्धात, १९४३ साली काढलेला 'सॅन डिमेट्रिओ लंडन' हा चित्रपट आम्हांस निराळा वाटत आला आहे. त्याचा शेवट न्यायालयात होतो. तिथे वकील बोलतात, न्यायाधीश रकमा सांगतात. पराक्रमाच्या कथेचा शेवट पौंडांच्या हिशेबाने करण्याचे धैर्य त्या काळी किती जणांनी दाखविले असेल? चित्रपटाचे खरे मर्म या शेवटात आहे असे आमचे म्हणणे आहे, आणि त्याचे दोन मोठे दोषही त्या हिशेबाच्या कडेलाच सापडतात.

प्रथम घटना. 'सॅन डिमेट्रिओ' हे १९३८ साली ग्लासगो येथे बांधलेले, ईगल ऑइल कंपनीच्या मालकीचे, सुमारे ८००० टनी तेलवाहू व्यापारी जहाज. त्याच्या टाक्यांत ११,२०० टन विमानाचे पेट्रोल भरलेले होते आणि ते हॅलिफॅक्सहून इंग्लंडकडे निघालेल्या 'एच. एक्स. ८४' या काफिल्यात होते. काफिल्यात ३५ हून अधिक व्यापारी जहाजे. संरक्षणाला 'जर्व्हिस बे' ही एकच नौका. ही मूळची उतारूंची आगबोट होती आणि तिच्यावर सहा इंची जुन्या तोफा बसविलेल्या होत्या. ५ नोव्हेंबर १९४० रोजी सायंकाळी अकरा इंची तोफांची जर्मन युद्धनौका 'अॅडमिरल शीर' क्षितिजावर आली. 'जर्व्हिस बे'चे कप्तान फेगन यांनी काफिल्याला पांगण्याचा इशारा दिला आणि आपली नौका सरळ शत्रूच्या अंगावर घातली. ती बुडाली, कप्तानही गेले, तिच्यावरील सुमारे १९० माणसे गेली. परंतु त्या अवधीत अंधार पडला आणि काफिल्यातील बहुसंख्य जहाजे निसटली. फेगन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. व्यापारी जहाजांपैकी पाच बुडाली. 'सॅन डिमेट्रिओ'वर तोफगोळे पडले, आग लागली, आणि पेट्रोलने भरलेल्या जळत्या जहाजावर थांबणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हे ओळखून कप्तान वेट यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला.

सेकंड ऑफिसर हॉकिन्स आणि मुख्य इंजिनिअर पोलार्ड यांच्या होडीत सोळा माणसे होती. ती इतरांपासून चुकली. नोव्हेंबरातल्या उत्तर अटलांटिकच्या लाटांवर दोन रात्री काढल्यावर, ७ तारखेला, ती सोळा माणसे पुन्हा आपल्याच जळत्या जहाजावर चढली. त्यांनी आग विझविली, इंजिन चालू केले, आणि नकाशे, होकायंत्र, बिनतारी यंत्र यांपैकी काहीही हाताशी नसताना जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आणले. १६ नोव्हेंबरला ते स्वतःच्या यंत्राच्या बळावर स्कॉटलंडच्या क्लाइड नदीच्या मुखात शिरले. बहुतेक सारे पेट्रोल सुखरूप होते.

या जहाजाच्या नावाविषयी एक गोष्ट जाता जाता. ईगल ऑइलचा उगम मेक्सिकोतील तेलाच्या धंद्यातला, म्हणून तिच्या जहाजांना स्पॅनिश धाटणीची संतांची नावे असत. 'सॅन डिमेट्रिओ' म्हणजे थेसलोनिकाचे हुतात्मा संत दिमित्री. पूर्वेकडील चित्रपरंपरा त्यांना सैनिकाच्या वेषात दाखविते. कंपनीच्या जहाजांची यादी वाचू लागलो की संतांची लितानी म्हणत असल्याचा भास होतो, आणि त्यांतील कित्येक नावे समुद्राच्या तळाशी आहेत. त्यांतलेच 'सॅन एमिलियानो' ऑगस्ट १९४२ मध्ये पाणतिराने पेटले, तेव्हा डोनाल्ड क्लार्क नावाचा उमेदवार खलाशी भाजलेल्या हातांनी वल्ही मारीत राहिला. शेवटी त्याचे हात वल्ह्यापासून सोडवावे लागले. त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. त्याच्यावर चित्रपट निघाला नाही.

आता चित्रपटाकडे वळू. दिग्दर्शन चार्ल्स फ्रेंड यांचे. काही भाग सहनिर्माते रॉबर्ट हॅमर यांनी चित्रित केला. पटकथा या दोघांची, निर्माते मायकेल बाल्कन. आधार होता एफ. टेनिसन जेस या लेखिकेने १९४२ साली ब्रिटिश सरकारी प्रकाशनासाठी लिहिलेल्या वृत्तान्ताचा. ही कवी टेनिसन यांची नात्याने नात लागणारी बाई कादंबरीकार तर होतीच. शिवाय गाजलेल्या खून-खटल्यांचे इतिवृत्त संपादित करण्यात तिची हयात गेली होती. साक्षीपुरावा तोलण्याची ही सवय चित्रपटाच्या स्वभावात उतरली आहे असे आम्हांस वाटते. त्यात कोणी भाषण करीत नाही. माणसे जे करतात ते दिसते, आणि जे बोलतात ते कामापुरते असते.

या गुणाचे मोल कळण्यासाठी शेजारी नोएल कॉवर्ड यांचा 'इन विच वुई सर्व्ह' हा १९४२ चा चित्रपट ठेवून पाहावा. तोही बुडालेल्या नौकेचा, तोही तराफ्याला धरून राहिलेल्या माणसांचा. परंतु तिथे सर्व किरणे कप्तानाच्या मुखाशी येऊन मिळतात. वरचे वर्ग वर, खालचे खाली, आणि प्रत्येकजण आपापल्या पायरीवर उभा राहून शूर. 'सॅन डिमेट्रिओ'त कप्तान निघून गेलेला आहे. उरले आहेत एक दुय्यम अधिकारी, एक इंजिनिअर, तांडेल, ग्रीझर, खानसाम्याच्या हाताखालचा पोरगा, 'यँक' म्हणून हाक मारला जाणारा प्रेस्टन. हुकूम कोणी कोणाला द्यायचा, हाच प्रश्न होडीत अनुत्तरित असतो.

म्हणून होडीतला प्रसंग चित्रपटाचा कणा ठरतो. दूरवर एक जहाज दिसते. आशा पालवते, जवळ गेल्यावर कळते की ते आपलेच, अजून जळणारे, पेट्रोल गळणारे जहाज आहे. वर चढावे की न चढावे? कोणी म्हणतो, ते कोणत्याही क्षणी उडेल. कोणी म्हणतो, इथे थंडीने मरण्यापेक्षा तिथे भाजून मरू. रात्र होडीतच काढली जाते. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या संमतीने ते दोरखंडाकडे वळतात. दिग्दर्शकाने इथे संगीताची मदत घेण्याचा मोह टाळला आहे. ओल्या कपड्यांतल्या कुडकुडणाऱ्या माणसांचा वाद आपण ऐकत राहतो, आणि लक्षात येते की या माणसांना कोणी पाठविलेले नाही. ती स्वतःहून चालली आहेत.

त्याच काफिल्याच्या कथेतला आणखी एक कौल इथे आठवतो. 'स्टुरेहोल्म' या स्वीडिश व्यापारी जहाजाचे कप्तान स्वेन ओलांडर यांनी रात्री आपल्या खलाशांना गोळा करून विचारले की, 'जर्व्हिस बे'ची माणसे पाण्यात आहेत, परत जायचे का? शत्रू जवळपास असण्याचा पूर्ण संभव होता आणि स्वीडन तटस्थ देश. खलाशांनी होकार दिला. ६५ माणसे वाचली. पुढच्याच महिन्यात 'स्टुरेहोल्म' पाणबुडीने बुडविले, आणि त्या फेरीवर असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही.

जहाजावर चढल्यानंतरचा भाग आम्हांस सर्वांत प्रिय आहे. कारण तिथे चित्रपट फक्त काम दाखवितो. तेलवाहू जहाजाची रचना अशी की मध्यभागी टाक्या आणि कप्तानाचा पूल, मागे इंजिन. पूल जळून गेलेला. त्याबरोबर नकाशे, उपकरणे, सुकाणूचे मुख्य चाकही निकामी. डेकला गोळ्यांनी पडलेल्या भोकांतून लाट आली की पेट्रोल उसळून वर येते, आणि पलीकडे अजून धग आहे. एक ठिणगी पुरेशी आहे, हे प्रत्येकाला माहीत असते, म्हणून प्रत्येक हालचालीला एक प्रकारचा संकोच येतो. भोके बुजवायची, बादल्यांनी आग विझवायची, पोलार्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी पाण्याने भरलेल्या इंजिनघरात उतरून साहाय्यक बॉयलर पेटवायचा. पेट्रोलच्या जहाजावर मुद्दाम विस्तव करायचा! बॉयलरखालची ती पहिली ज्योत पाहताना अंगावर शहारा येतो, तसा 'अॅडमिरल शीर'च्या तोफांनी येत नाही. सुकाणू मागच्या बाजूने, दिशा आकाश पाहून. जेवण म्हणजे वाफेवर शिजविलेले बटाटे, कारण चूल पेटविण्याची सोय नाही. कोणी मित्रजहाज दिसलेच तर कळावे म्हणून जळक्या पुलावर मोठ्या अक्षरांत मदतीची हाक रंगविलेली. ही अक्षरे खऱ्या जहाजावरही होती आणि त्या वेळच्या छायाचित्रांत ती दिसतात.

स्टुडिओच्या हौदात तरंगणारी खेळण्यातली जहाजे आजच्या प्रेक्षकाला हसू आणतील. प्रारंभीचा भागही रेंगाळतो; विनोदाची पेरणी सक्तीची वाटते. त्याच सुमारास पॅट जॅक्सन यांनी 'वेस्टर्न अॅप्रोचेस' हा रंगीत चित्रपट खऱ्या खलाशांना घेऊन, खऱ्या समुद्रावर काढला (तो १९४४ साली प्रदर्शित झाला). समुद्राच्या दर्शनापुरता तो कितीतरी सरस आहे. पण त्यातील खलाशांना आपले काम दाखविता येते, आपली शंका दाखविता येत नाही. तिथे नटच लागतो. वॉल्टर फिट्झजेराल्ड यांनी उभा केलेला पोलार्ड पाहा. त्याच्या चेहऱ्यावर वीरश्री नाही. दुरुस्ती जमेल की नाही या विवंचनेत असलेल्या कारागिराची कपाळावरची आठी तेवढी आहे.

आणि मर्विन जॉन्स यांचा बॉयल. हा ग्रीझर होडीत उतरतानाच आतून दुखावला गेला होता. त्याने ते फारसे बोलून दाखविले नाही. इंजिनघरात बसून तो मापकांवर नजर ठेवीत राहिला आणि बंदर दिसण्यापूर्वीच अंतर्गत रक्तस्रावाने वारला. हा प्रसंग घडलेला आहे. चित्रपटाने त्याला अश्रूंत भिजविले नाही. अंत्यविधीचे दृश्य थोडक्यात आटोपते आणि माणसे पुन्हा कामाला लागतात. आम्ही आयुष्यभर अंत्यविधी करीत आलो आहोत. शवपेटीभोवती किती शब्द निरर्थक असतात हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या दृश्याची तोकडी लांबी आम्हांस भक्तिभावाची वाटली.

मग न्यायालय. संकटातले जहाज किंवा माल वाचविणाऱ्याला वाचविलेल्या किमतीतून मोबदला मिळावा, असा समुद्राचा जुना कायदा आहे; त्याला साल्व्हेज म्हणतात. परंतु जहाजावरच्या नोकराला आपल्याच जहाजाबद्दल असा मोबदला मागता येत नाही. जहाज वाचविणे हे त्याचे कर्तव्यच, त्याचा पगार त्यासाठीच. मग या सोळांनी दावा कोणत्या आधारावर केला? आधार होता कप्तानाचा हुकूम. कप्तानाने परतण्याची आशा न ठेवता जहाज सोडण्याची आज्ञा दिली, त्या क्षणी त्यांचे जहाजाशी असलेले बंधन सुटले. त्यानंतर ते परत चढले ते नोकर म्हणून नव्हे, स्वेच्छेने आलेली माणसे म्हणून. न्यायमूर्ती लँग्टन यांनी दावा मान्य केला आणि १४,७०० पौंड मंजूर केले. हॉकिन्स यांच्या वाट्याला २००० पौंड आले; मृत बॉयलच्या वारसांनाही वाटा मिळाला.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांस एक भेद शिकविला जाई. कर्तव्य म्हणून केलेले सत्कृत्य निराळे, आणि ज्याची मागणी कोणताही नियम करू शकत नाही असे, कर्तव्याच्या पलीकडचे सत्कृत्य निराळे. त्या वयात हा भेद पंडिती वाटत असे. नौकान्यायालयाचा कायदा नेमका हाच प्रश्न विचारतो, हे या चित्रपटाने आमच्या ध्यानी आणून दिले: तू बांधलेला होतास का? बांधलेला असशील तर तुला पगार आहे, अधिक काही नाही. बांधलेला नसतानाही आलास तर जग तुझे देणे लागते. अशा रीतीने पाहिले की होडीतला वाद आणि न्यायालयातला वाद हे एकाच प्रसंगाचे दोन अंक होतात. पहिल्या अंकात माणसे मोकळेपणी निवड करतात, दुसऱ्या अंकात ती निवड मोकळी होती हे सिद्ध होते. पटकथाकारांनी हा धागा पकडला, म्हणूनच न्यायालयाचे दृश्य शेपटासारखे जोडलेले वाटत नाही.

काही समीक्षकांना पैशाच्या उल्लेखाने पराक्रमाला उणेपणा येतो असे वाटते. आम्हांस नेमके उलट वाटते. 'बलिदान' हा शब्द आम्ही धर्मगुरूंनी व्यासपीठांवरून इतका वापरला आहे की तो ऐकणाऱ्याला देणे चुकविण्याची सवलत वाटू लागला आहे. ज्याने बलिदान केले त्याला काय द्यायचे? पुष्पचक्र. आमच्या समाजाच्या स्मरणिका चाळल्या तर परदेशी आगबोटींवर राबून घरे उभारणाऱ्या माणसांचा गौरव 'त्यागमूर्ती' म्हणून सापडतो. त्यांच्या पगाराचा आकडा, कराराची मुदत, अपघाताची भरपाई यांचा उल्लेख सापडत नाही. चित्रपटातल्या सोळा जणांना मागण्याची लाज वाटत नाही. न्यायमूर्तींनी वाटे समान केले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने सर्वांना एकच दिनार दिला, म्हणून पहाटे आलेले कुरकुरले. इथे मात्र पद आणि कामगिरी पाहून वाटे पडले. दैवी औदार्य आणि मानवी न्याय यांतले अंतर समजावून सांगण्यास आम्हांस याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

एवढ्या प्रामाणिक चित्रपटाने दोन गोष्टी मात्र हिशेबात धरलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट जहाजाचीच. 'सॅन डिमेट्रिओ' दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर गेले आणि १७ मार्च १९४२ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यापासून दूर यू-४०४ या जर्मन पाणबुडीने ते बुडविले. १९ माणसे गेली. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्याची नायिका दीड वर्षापूर्वीच तळाला गेली होती. प्रेक्षक चित्रगृहातून बाहेर पडतो तो जहाज वाचले या समाधानात. युद्धकाळात लोकांचे धैर्य टिकविणे हा हेतू आम्ही समजू शकतो. पण एका ओळीच्या निवेदनाने चित्रपट दुबळा झाला नसता. दुसऱ्या वेळी कोणाला परत चढण्याची संधी मिळाली नाही, कोणते न्यायालय भरले नाही. ज्या कथेचे मर्म माणसांच्या मोकळ्या निवडीत आहे, तिला निवडच न उरलेल्या त्या १९ जणांची साथ हवी होती.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक लागते. 'अॅडमिरल शीर'ने बुडविलेल्या पाच व्यापारी जहाजांपैकी एकाचे नाव 'मैदान' होते. हा आपलाच शब्द. लिव्हरपूलच्या ब्रॉकलबँक कंपनीचे हे जहाज. कलकत्त्याच्या व्यापारामुळे या कंपनीच्या जहाजांना हिंदुस्थानी नावे असत. 'माथेरान' नावाचेही तिचे एक जहाज होते, तेही ऑक्टोबर १९४० मध्ये पाणबुडीने बुडविले. या जहाजांवर अधिकारी ब्रिटिश आणि खलाशी हिंदी असत. 'मैदान'वरील ९१ जणांपैकी एकही वाचला नाही.

सोळांच्या होडीत हिंदी खलाशी नव्हता, तेव्हा त्यांच्या कथेत तो घुसवावा असे आमचे म्हणणे नाही. पण हा चित्रपट स्वतःला ब्रिटनच्या व्यापारी नौदलाची कथा म्हणवितो, आणि त्या नौदलाचा सुमारे चौथा हिस्सा हिंदी खलाशांचा होता. त्यांत कलकत्त्याला भरती होणारे सिल्हेट-चितगावचे होते, कोकणातले होते, आणि स्वयंपाकघर व भोजनगृह सांभाळणारे आमचे गोवेकर बांधवही होते. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातल्या 'कूड' नावाच्या गावकीच्या निवासांत आगबोटीची वाट पाहत त्यांच्या पिढ्या गेल्या. यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा अंश असे. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांनी काम नाकारून वाढ मागितली, तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांना ब्रिटिश बंदरांत तुरुंग पाहावा लागला. म्हणजे मोबदल्याची भाषा त्यांनाही येत होती, आणि ती त्यांनी न्यायालय भरण्याच्या आधी बोलून दाखविली होती. सोळांच्या मागणीला मान आणि त्यांच्या मागणीला बेडी, हा विरोध ईलिंगच्या लेखकांच्या नजरेतून सुटला. निदान पडद्यावर तो आला नाही.

लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २४,००० नावे असलेल्या त्याच्या भागाचे अनावरण राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ५ नोव्हेंबर १९५५ रोजी झाले, म्हणजे 'अॅडमिरल शीर'च्या हल्ल्याला बरोबर पंधरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. 'मैदान'चे ब्रिटिश अधिकारी त्या भिंतीवर आहेत. हिंदी व्यापारी नाविकांपैकी सुमारे ६००० मृतांची नावे मात्र नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावला असते. दुसरी मुंबईत, मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये, जिथून धोबी तलाव पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.